काचतंतूंच्या दांडीचा रोध वाचताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मी शिकवतो. डवऱ्यासाठी, म्हणजे बैलाने ओढायच्या कोळपणीच्या अवजारासाठी, काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांची हलकी दांडी करावी, रेझिनमध्ये कार्बन नॅनोनळ्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म, वीजवाहक नळ्या) मिसळाव्यात आणि दांडीवरचा ताण व तिच्या आतला तडा विजेच्या रोधावरून ओळखावा, असा आमच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प होता. काचतंतू वीज वाहत नाहीत. वीज वाहते ती रेझिनमध्ये पसरलेल्या नळ्यांच्या जाळ्यातून. तडा गेला की हे जाळे तुटते आणि रोध वाढतो. डेलावेअर विद्यापीठातील थॉस्टेन्सन आणि चाऊ यांनी 2006 मध्ये काचतंतूंच्या संमिश्रात हे दाखवून दिले. मात्र रोध बदलण्याला तड्याखेरीज इतरही कारणे असतात आणि आपल्याकडे बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

सर्वांत मोठी चूक उन्हाची. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये घोडीवर ठेवलेल्या दांडीचा रोध 39 किलोओहम भरला आणि मुलांनी तोच मूळ आकडा म्हणून वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो 42 झाला, तेव्हा ‘रात्रीतून तडा गेला’ असा शेरा पडला. रात्रभर दांडीला कुणी हातही लावला नव्हता. नॅनोनळ्यांच्या इपॉक्सीत तापल्यावर रोध बहुधा घटतो, तो थंडाव्याने पुन्हा वर आला होता, एवढेच. हिशेब करून पाहावा: गेज फॅक्टर (लांबी जितके टक्के वाढते त्याच्या किती पट टक्के रोध बदलतो तो आकडा) 3 धरला आणि दांडी 0.1 टक्का ताणली गेली, तर 42 किलोओहममध्ये फरक पडतो सुमारे 126 ओहमचा, आणि उन्हाने पडला होता 3000 ओहमचा. म्हणून त्याच घाण्यातला एक तुकडा भार न देता दांडीशेजारी, त्याच उन्हात ठेवावा आणि दोघांच्या रोधाचे गुणोत्तर पाहावे. सामान्य तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी बहुधा 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि विदर्भातल्या उन्हात काळी दांडी तेवढी सहज तापते. रेझिन पुरवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे घट्ट झाल्यानंतरची भाजणी दिल्याशिवाय अशी दांडी शेतात नेऊच नये.

दुसरी चूक मल्टिमीटरच्या दोन चिमट्यांची. चिमटा किंचित सरकला तरी स्पर्शाचा रोध बदलतो आणि तो ताणाच्या नावावर जमा होतो. पृष्ठभाग घासून रेझिनचा वरचा थर काढावा, सिल्व्हर पेस्टचे चार पट्टे द्यावेत, बाहेरच्या दोन पट्ट्यांतून प्रवाह सोडावा आणि आतल्या दोहोंवर व्होल्टता मोजावी. प्रवाह अगदी कमी ठेवावा, नाहीतर मोजणीनेच दांडी तापते. ज्या लोखंडी पट्टीने दांडी डवऱ्याला जोडली आहे, तिच्यापासून ती रबराने अलग केली नाही, तर वीज लोखंडातून जाते आणि आकडा निरर्थक ठरतो.

‘जास्त नळ्या घातल्या तर जास्त कळेल’ हा समज तर नेमका उलटा आहे. विशिष्ट प्रमाणाच्या खाली वीज वाहतच नाही आणि त्या उंबरठ्याच्या किंचित वर संवेदना सर्वांत तीव्र असते, कारण तिथे वीज काही नॅनोमीटरच्या फटी ओलांडून जाते आणि फट जराशी रुंदावली तरी रोध झपाट्याने चढतो. प्रमाण फार वाढवले की पर्यायी वाटा इतक्या होतात की एखादी तुटली तरी फरक पडत नाही. इपॉक्सीत हा उंबरठा बहुधा वजनाच्या 1 टक्क्याच्या आतच असतो, मात्र नळ्या नीट सुट्या झाल्या तरच. गोळे राहिले तर एकाच दांडीच्या दोन टोकांचे आकडे जुळत नाहीत. मिसळणी करताना भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे, हार्डनर शेवटी घालावा, आणि तोही सकाळच्या गारव्यात, कारण दुपारी रेझिन मगातच कडक होते. कोरडी पूड हाताळताना चांगला मास्क हवाच.

नव्या दांडीचा रोध पहिल्या काही वाकवण्यांत पूर्ववत येत नाही. हा तडा नव्हे. जाळे मांडी ठोकून बसत असते. आधी दहा-वीस वेळा हलका भार द्यावा आणि मगच मूळ आकडा लिहावा. पावसाळ्यात इपॉक्सी ओलावा शोषून किंचित फुगते, त्यामुळेही आकडा सावकाश सरकतो. दांडीला चांगला रंग द्यावा.

एवढे सांभाळल्यावर खरा तडा वेगळा ओळखू येतो. भार वाढवताना रोध सरळ चढण्याऐवजी पायरीसारखी उडी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, भार नसताना, शेजारच्या तुकड्याशी असलेले त्याचे गुणोत्तर आदल्या दिवसापेक्षा वरच राहते. आमच्या दांडीत अशा दोन उड्या आल्या. बोल्टचे छिद्र भिंगाखाली पाहिले, तेव्हा कडेपासून निघालेली केसासारखी रेघ दिसली.