रिकव्हरीची पट्टी मीच बंद केली

तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात मी २०१३ साली कामाला लागलो. मराठी टायपिंगच्या, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा टाईपरायटरवर पास झालेलो. कृतिदेव या मराठी फॉन्टचा कळफलक टाईपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीचाच, त्यामुळे कॉम्प्युटरवर बोटं आठवडाभरात बसली. एक गोष्ट मात्र डोक्यात शिरायला वर्ष लागलं: टाईपरायटरवर मारलेलं अक्षर कागदावरच राहतं, इथं ते सेव्ह करेपर्यंत कुठंच नसतं.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडे त्या दिवसांत दुपारभर ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी वावधन सुटलं की लाईन गेलीच समजा. झेडपी शाळेतल्या एका मॅडमचा एम.ए.चा लघुप्रबंध माझ्याकडे होता. सकाळी चाळीसाव्या पानावर सेव्ह केलेलं. दिवसभरात आणखी अकरा पानं चढवली आणि सेव्ह मारायचं राहिलं. वारा आला, लाईन गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली.

तासाभरानं लाईन आली. वर्ड उघडलं तर डाव्या बाजूला एक पट्टी, तिच्यावर 'डॉक्युमेंट रिकव्हरी'. समोर अर्जवाला घाईत. "अजी भाऊ, माह्या अर्जाचं पाहा ना आधी, साहेब निंगून जातीन." मी पट्टी बंद केली, अर्ज मारून दिला. बंद करताना वर्डनं विचारलं, या फाईली नंतर पाहायच्या की काढून टाकायच्या? मी न वाचताच 'काढून टाका' दाबलं.

म्हणजे लाईननं माझं फारसं काही नेलं नव्हतं. वर्डनं पानं जपून समोर आणून ठेवली होती, ती मी हातानं फेकली. मॅडमच्या हस्तलिखितावरून ती अकरा पानं दोन रात्री बसून पुन्हा मारली, फुकट.

म्हणून नवीन पोरापोरींना पहिलं सांगणं हेच, की फाईल गेली असं वाटलं की आधी हात आवरा. रिकव्हरीची पट्टी दिसली तर तिच्यातल्या नावांपुढच्या वेळा पाहा, सगळ्यात अलीकडची उघडा आणि एफ बारा दाबून वेगळ्या नावानं ठेवा. जुनी फाईल शेजारी उघडून शेवटचं पान जुळवा. हे होईस्तोवर पट्टीला हात नाही, मग समोर कितीही घाईचा माणूस असो.

वर्डची ही जपणूक मुळात दर दहा मिनिटांनी होते. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेनं जाऊन मी ती दोन मिनिटांवर आणली. तिथंच खाली एक चौकट आहे, सेव्ह न करता बंद केलं तर शेवटची प्रत ठेवा अशा अर्थाची. तिच्यात टिक असू द्या. पण याला सेव्ह समजू नका. ती लाईन जाण्यासाठी, मशीन अडकण्यासाठी केलेली तात्पुरती प्रत आहे. फाईल नीट सेव्ह करून बंद केली की वर्ड ती स्वतःच काढून टाकतं.

'डोन्ट सेव्ह' दाबून बसलात तर? वर्ड २०१० पासून सोय आहे. फाईल आधी एकदा तरी सेव्ह केलेली असेल, तर तीच पुन्हा उघडा आणि फाईलमधल्या इन्फोवर जा, बंद करतानाची प्रत तिथं दिसते. कधीच नाव दिलेलं नसेल, तर त्याच पानावर मॅनेज डॉक्युमेंटच्या बटणाखाली 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' आहे. २०१० मध्ये त्या बटणाला मॅनेज व्हर्जन्स म्हणायचे. ती प्रत कायम राहत नाही, उद्यावर टाकू नका. आणि जपणुकीची वेळ मुळातल्या दहा मिनिटांवरच असेल नि टाईप करायला बसून पाचच मिनिटं झाली असतील, तर तिथंही बहुधा काही नसतं.

आता या धंद्यातला सगळ्यात मोठा चोर सांगतो. त्याचा लाईनीशी काही संबंध नाही. जुनं प्रतिज्ञापत्र उघडायचं, नाव-गाव-वय बदलायचं आणि सवयीनं कंट्रोल एस. झालं, पहिल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र गेलं. माझ्या हातून हे किती वेळा झालं त्याचा हिशेब ठेवला नाही, लाज वाटते. फाईल अजून उघडी असेल तर घाबरू नका, सेव्ह केल्यावरही कंट्रोल झेड चालतं. दाबत दाबत जुना मजकूर येऊ द्या, त्याला वेगळं नाव द्या. फाईल बंद केली की हा रस्ताही बंद.

यावर उपाय म्हणजे जुनी फाईल उघडली की पहिलं बोट एफ बारावर, एकही अक्षर बदलायच्या आधी. शिवाय ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डच्या तळाकडे 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' आहे. ते सुरू केलं की दर सेव्हला आधीची प्रत डब्ल्यूबीके फाईल म्हणून शेजारी राहते. पण एकच पायरी मागची. दोनदा सेव्ह मारलं की तीही नवीच होते.

पेनड्राईव्हचं थोडक्यात. गिऱ्हाईकाची फाईल पेनड्राईव्हवरूनच उघडून काम करू नका. आधी डेस्कटॉपवर घ्या, काम करा, मग परत टाका. पेनड्राईव्हवरून उडवलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. उडालीच तर त्यावर नवं काही टाकू नका आणि फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर चालवून निघालेल्या फाईली दुसऱ्या जागी उतरवा. फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसत असले तर घाईनं फॉरमॅट मारू नका. तो व्हायरसचा खेळ असतो, खऱ्या फाईली बहुतेक वेळा आतच लपवलेल्या असतात.

बिघडलेली फाईल उघडत नसेल तर ओपनच्या खिडकीत 'ओपन' बटणाच्या बाणाखाली 'ओपन अँड रिपेअर' आहे. जुन्या डॉक फाईलसाठी त्याच खिडकीत 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाईल' पण मिळतं. पहिल्यांदा ते वापरलं तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा आला आणि मी कपाळाला हात लावला. शेजारच्या दुकानातले काका हसले. "अरे, फॉन्ट लाव ना बावा." सगळं सिलेक्ट केलं, कृतिदेव दिला आणि वारसांची नावं ओळीनं उभी राहिली. ऑल्ट धरून आकडे दाबून काढलेली जोडाक्षरं तेवढी तपासावी लागली, दोन-चार चुकलीच होती.

मॅडमचा प्रबंध जमा झाला. त्यांना काय झालं होतं ते मी कधी सांगितलं नाही. यूपीएसची बॅटरी मात्र त्याच महिन्यात पगारातून उचल घेऊन बदलली, मालक नको म्हणत असतानाही.