सेल्सफोर्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा: परदेशात नव्याने आलेल्यांसाठी

कामाचा परवाना हातात यायचा आहे, किंवा परवाना आहे पण नोकरी लागायची आहे, असा मधला काळ बहुतेकांच्या वाट्याला येतो. तेवढ्या दोन महिन्यांत सेल्सफोर्स या, कंपन्या ग्राहकांची माहिती ज्यात ठेवतात त्या, सॉफ्टवेअरची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परीक्षा नीट तयारी करून देता येते. रोज दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी थोडा जास्त वेळ दिला तर सहा ते आठ आठवडे पुरतात. आधी कुठल्याही सीआरएमवर (ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या अशा सॉफ्टवेअरवर) काम केलं असेल तर त्याहून कमी लागतात. सर्टिफिकेटमुळे नोकरी मिळत नाही, सीव्ही पहिल्या चाळणीतून खाली पडत नाही इतकंच. मुलाखतीत विचारतात ते मात्र याच अभ्यासातलं असतं, म्हणून तो पाठांतराने उरकू नका.

सुरुवात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरपासूनच करा. जुने लोक तिला अजून एडीएम 201 म्हणतात, आता अधिकृत नावात प्लॅटफॉर्म अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असं आहे. डेव्हलपर असलात तरी हीच आधी द्या. एपेक्स ही सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा शिकता येते, पण रेकॉर्ड (एखाद्या ग्राहकाची किंवा कामाची एक नोंद) कोणाला दिसतो आणि का दिसतो हे कळलं नसेल तर लिहिलेला कोड चुकीच्या माणसाला चुकीचा डेटा दाखवतो.

अभ्यासाआधी खात्याची भानगड मिटवा, नव्याने आलेल्यांचं घोडं बरेचदा इथेच अडतं. ट्रेलहेडचं (सेल्सफोर्सच्या शिकवणीच्या साइटचं) खातं आणि परीक्षेचं खातं वैयक्तिक ईमेलवर उघडा. ऑफिसचा ईमेल दिलात आणि नोकरी सुटली तर सर्टिफिकेट परत आपल्या नावाशी जोडून घेताना सपोर्टला पत्रव्यवहार करत बसावं लागतं. पडताळणीचा कोड जुन्या देशातल्या मोबाइल नंबरवर जात असेल तर तो नंबर बंद होण्याआधी बदला, आणि शक्यतो कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. ट्रेलहेडवर नकळत दोन खाती झाली असतील तर ती एकत्र करण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

दुसरी अडचण नावाची. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव फोटो असलेल्या सरकारी ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल आणि नोंदणी फक्त नाव-आडनावावर केली असेल, किंवा लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर आलं आणि दुसऱ्यावर नाही, तर परीक्षक दारातूनच परत पाठवू शकतो आणि फीसुद्धा जाते. नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर आहे तसं टंका. दुरुस्ती हवी असेल तर तारीख घेण्याआधी करून घ्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी ती होत नाही.

आता परीक्षा. गुण असलेले प्रश्न 60, त्यांच्यात मिसळलेले बिनगुणांचे 5 पर्यंत, वेळ 105 मिनिटं आणि उत्तीर्ण व्हायला 65 टक्के, म्हणजे 39 उत्तरं बरोबर. फी 200 डॉलर, पुन्हा बसायचं झालं तर 100, वर स्थानिक कर. सेल्सफोर्सच्या कार्यक्रमांत किंवा तयारीच्या वेबिनारमध्ये कधीकधी सवलतीचं व्हाउचर मिळतं, तेव्हा फी भरण्याआधी एकदा चौकशी करा. परीक्षा मार्गदर्शिका सेल्सफोर्सच्या साइटवर फुकट आहे आणि कुठल्या विभागाला किती टक्के वजन ते त्यात दिलेलं असतं. हे विभाग आणि त्यांचं वजन मधूनमधून बदलतं, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेली नोट्सची फाइल प्रमाण मानू नका. वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर या कामं आपोआप करून घेणाऱ्या जुन्या सोयींचा आधार सेल्सफोर्सने 31 डिसेंबर 2025 ला थांबवला, जुन्या नोट्समध्ये मात्र अर्धं ऑटोमेशन त्यांच्यावरच उभं असतं.

डंपच्या, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांच्या, वाटेला जाऊ नका. परीक्षेच्या करारात त्याला बंदी आहे आणि सापडलात तर सर्टिफिकेट काढून घेतलं जातं. वर त्यांतली उत्तरं सर्रास चुकीची किंवा शिळी असतात.

अभ्यासासाठी डेव्हलपर एडिशनचं ऑर्ग, म्हणजे सेल्सफोर्सची स्वतःपुरती स्वतंत्र प्रत, फुकट मिळतं. ट्रेलहेडचे मॉड्यूल (छोटे धडे) करण्यासाठी त्याचं स्वतःचं प्लेग्राउंड, म्हणजे सरावाचं ऑर्ग, असतं, पण मोडतोड करायला वेगळं डेव्हलपर ऑर्ग ठेवा. ट्रेलहेडवर सांगितलेल्या पायऱ्या जशाच्या तशा टिचकवून बॅज मिळवणं सोपं आहे आणि त्यातून फारसं काही शिकायला मिळत नाही. खरा अभ्यास तीच गोष्ट दुसऱ्या युजरच्या नजरेनं बघण्यात आहे. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केल्यावर सगळंच दिसतं, कारण त्या प्रोफाइलला (युजरच्या मूळ परवानग्यांच्या संचाला) सगळा डेटा बघण्याची आणि बदलण्याची मुभा असते. शेअरिंग, म्हणजे कोणाचा रेकॉर्ड कोणाला दिसावा याचे नियम, चालतंय की नाही हे त्या खुर्चीतून कधीच कळत नाही.

म्हणून एक प्रयोग नक्की करा, याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. 'प्रोजेक्ट' नावाचं कस्टम ऑब्जेक्ट (स्वतः आखलेला, रेकॉर्ड ठेवायचा तक्ता) बनवा, त्यात 'स्थिती' ही पिकलिस्ट (ठरावीक पर्यायांची यादी) आणि 'बजेट' हे चलनाचं फील्ड (रकाना) घाला, टॅबही बनवा. शेअरिंग सेटिंग्जमध्ये या ऑब्जेक्टचं ओडब्ल्यूडी, म्हणजे दुसऱ्यांचे रेकॉर्ड मुळात किती दिसावेत याची सेटिंग, प्रायव्हेट करा. नवा युजर तयार करा आणि त्याला एक रोल, म्हणजे कंपनीच्या उतरंडीतली जागा, द्या. ऑर्गमध्ये पूर्ण सेल्सफोर्स परवाने मोजकेच असतात, पण कस्टम ऑब्जेक्टसाठी प्लॅटफॉर्म परवान्यावरचा युजर चालतो. त्याच्या प्रोफाइलला टॅब दाखवा आणि ऑब्जेक्टवर फक्त रीड द्या. लॉगिन अ‍ॅक्सेस पॉलिसीजमध्ये अ‍ॅडमिनला इतरांच्या नावाने लॉगिन करू देणारी खूण करा. आता स्वतः दोन रेकॉर्ड टाका आणि युजरच्या यादीतल्या 'लॉगिन' दुव्यावरून त्याच्या नावाने आत जा. टॅब दिसेल, रेकॉर्ड दिसणार नाहीत.

परत येऊन स्थिती 'चालू' असलेले रेकॉर्ड त्या युजरच्या रोलला रीड-राइट देणारा शेअरिंग रूल लिहा. पुन्हा आत जा: रेकॉर्ड दिसतो, पण एडिट बटण नाही. रूलने लिहिण्याची परवानगी दिली असली तरी प्रोफाइलमध्ये ऑब्जेक्टवर एडिट नाही, आणि दोन्ही असल्याशिवाय दार उघडत नाही. परमिशन सेटमधून, म्हणजे प्रोफाइलवर वरून जोडायच्या जादा परवानग्यांतून, एडिट द्या, बटण येईल. शेवटी फील्ड-लेव्हल सिक्युरिटीमध्ये बजेट दिसण्याची परवानगी काढून घ्या. ते फील्ड पानावरून, लिस्ट व्ह्यूमधून आणि रिपोर्टमधूनही नाहीसं होतं. नुसतं पेज लेआउटवरून (पानाच्या मांडणीवरून) फील्ड काढलं असतं तर ते रिपोर्टमध्ये तसंच दिसलं असतं, आणि परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात.

मग रेकॉर्डची मालकी त्या युजरकडे द्या, दुसरा युजर वरच्या रोलवर बसवा. ऑब्जेक्टवर रीड असलं की वरच्याला काही रूल न लिहिता तो रेकॉर्ड दिसेल. 'ग्रँट अ‍ॅक्सेस युझिंग हायरार्कीज' ही खूण काढली की दिसायचं थांबेल. ही खूण कस्टम ऑब्जेक्टवरच काढता येते, अकाउंट (ग्राहक कंपनी) किंवा ऑपॉर्च्युनिटी (होऊ घातलेला सौदा) यांसारख्या, सेल्सफोर्ससोबत येणाऱ्या स्टँडर्ड ऑब्जेक्टवर नाही. ओडब्ल्यूडीने दार सर्वांत जास्त लावलं जातं, बाकीचे रोल, रूल, टीम, मॅन्युअल शेअरिंग हे फक्त उघडत जातात. शेअरिंग रूलने कोणाची परवानगी कमी करणारा पर्याय दिसला की तो खोडा.

लॉगिनचे निर्बंध याच अभ्यासात उरका. प्रोफाइलवरच्या आयपी रेंजबाहेरून (ठरवलेल्या नेटवर्क-पत्त्यांबाहेरून) आलेल्याला आत घेतलंच जात नाही. ऑर्गच्या विश्वासू आयपी रेंजबाहेरून आलेल्याला फक्त ओळख पटवायला सांगितलं जातं. दोन्हीत 'आयपी रेंज' हाच शब्द असल्याने घोळ होतो. तसंच युजर कधीच डिलीट होत नाही, डीअ‍ॅक्टिव्हेट होतो. तो लीडचा (नव्या चौकशीचा) ठरवून दिलेला डिफॉल्ट मालक असेल तर लगेच डीअ‍ॅक्टिव्हेटही करता येत नाही, म्हणून आधी फ्रीझ करायचा. फ्रीझने लॉगिन बंद होतं, परवाना मोकळा होत नाही.

ऑब्जेक्टमधल्या नात्यांवर बरेच प्रश्न येतात. मास्टर-डिटेल नाती (डिटेल ऑब्जेक्ट मास्टरला घट्ट बांधणारी) एका ऑब्जेक्टवर दोनच घालता येतात. डिटेलला स्वतःचा मालक नसतो, त्याचं शेअरिंग मास्टरकडून येतं, आणि मास्टर उडवला की डिटेलही उडतात. रोल-अप समरी (डिटेल रेकॉर्डांची बेरीज किंवा मोजणी) मास्टरवर बनते. लुकअपचं (सैल नात्याचं) मास्टर-डिटेल करायचं असेल तर आधीच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये ते फील्ड भरलेलं हवं, आणि उलट दिशेने जायचं तर मास्टरवरची रोल-अप आधी काढावी लागते. पाठ करू नका, प्रोजेक्टला 'खर्च' हे दुसरं ऑब्जेक्ट जोडून दोन्ही बाजूंनी करून बघा. ऑर्ग जी चूक दाखवतो ती लक्षात राहते.

व्हॅलिडेशन रूलमध्ये (चुकीची माहिती सेव्ह होऊ न देणाऱ्या नियमात) नवखे हटकून उलटं लिहितात. सूत्र खरं ठरलं की चूक दाखवायची, असा नियम आहे. 'कारण भरलेलं असावं' असं सूत्रात लिहिलं की नेमकं कारण भरणाऱ्याला अडवलं जातं.

विक्री आणि सपोर्टचे विभाग टेस्टिंग किंवा डेव्हलपमेंटमधून आलेल्यांना कंटाळवाणे वाटतात, कारण तो धंदा त्यांनी पाहिलेला नसतो. लीड म्हणजे अजून न पारखलेली चौकशी. ती कन्व्हर्ट केली की अकाउंट, कॉन्टॅक्ट (त्या कंपनीतली व्यक्ती) आणि हवी असेल तर ऑपॉर्च्युनिटी तयार होते. लीडवरची कस्टम फील्ड्स कुठे जायची हे आधी मॅप केलं नसेल तर तो डेटा नव्या रेकॉर्डमध्ये पोचत नाही. केसच्या, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या, बाजूला असाइनमेंट रूल (काम कोणाकडे), एस्कलेशन रूल (वेळेत न सुटलं तर वर), ऑटो-रिस्पॉन्स (आपोआप उत्तर) आणि क्यू (सामायिक रांग) यांची कामं वेगळी ठेवा. असाइनमेंट रूल एका वेळी एकच सक्रिय असतो, त्यात नोंदी मात्र अनेक असू शकतात.

डेटा आणताना डेटा इम्पोर्ट विझर्ड 50,000 रेकॉर्डपर्यंत चालतो. ऑपॉर्च्युनिटी आणि केस त्यातून येत नाहीत, आणि डिलीट किंवा एक्स्पोर्टही त्याने होत नाही. तिथे डेटा लोडर हे वेगळं साधन लागतं. रिपोर्टमध्ये लक्ष रिपोर्ट टाइपवर (कुठले ऑब्जेक्ट जोडून रिपोर्ट बनतो यावर) ठेवा: 'अकाउंट्स विथ कॉन्टॅक्ट्स' घेतलात तर ज्यांना कॉन्टॅक्ट नाही ती अकाउंट्स दिसतच नाहीत, ती शोधायला क्रॉस फिल्टर ('कॉन्टॅक्ट नसलेली' अशी अट) लागतो. डॅशबोर्ड रनिंग युजरच्या (तो ज्याच्या नावाने चालतो त्याच्या) नजरेतला डेटा दाखवतो, त्यामुळे बघणाऱ्याला स्वतःच्या परवानगीपलीकडचे आकडेही दिसू शकतात.

ऑटोमेशन म्हणजे आता फ्लो, पायऱ्या मांडून काम आपोआप करून घेणारी सोय. रेकॉर्ड सेव्ह होताना त्याच रेकॉर्डची फील्ड बदलायची असतील तर सेव्हच्या आधी चालणारा फ्लो घ्या, तो वेगवान असतो. दुसरा रेकॉर्ड बदलायचा किंवा ईमेल पाठवायचा तर सेव्हनंतरचा. माणसाकडून माहिती भरून घ्यायची तर स्क्रीन फ्लो. एवढं नीट कळलं तरी या विभागातले बरेच प्रश्न सुटतात.

प्रश्न वाचताना आधी शेवटची ओळ वाचा. 'दोन निवडा' म्हटलं असेल तर दोनच निवडायचे, दोन्ही बरोबर असतील तरच गुण, अर्धा गुण कोणी देत नाही. चुकीला उणे गुणही नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. तयार सोयीने होणारं काम कोड लिहून करायला सांगणारा पर्याय या परीक्षेत सहसा चुकीचा असतो. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जा, पहिली फेरी 75 मिनिटांत संपवली की परत बघायला अर्धा तास उरतो.

घरून परीक्षा द्यायची की केंद्रावर? नव्याने आलेल्यांनी शक्य असेल तर केंद्रावर द्यावी. सुरुवातीला घर चार जणांत वाटलेलं असतं, आणि परीक्षा चालू असताना खोलीत कोणी डोकावलं तरी परीक्षक ती थांबवू शकतो. टेबल मोकळं लागतं, दुसरा मॉनिटर आणि फोन चालत नाही, प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असली तरी ताकीद मिळते. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. घरूनच द्यायची असेल तर त्याच यंत्रावर, त्याच इंटरनेटवर, दिवसाच्या त्याच वेळी सिस्टिम चाचणी करून ठेवा.

नापास झालात तर निकालातले विभागवार टक्के जपून ठेवा, पुढची तयारी त्यांवरच करायची. सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचण्यात अर्थ नाही. सर्वांत कमी आलेले दोन विभाग घ्या आणि त्यांतली प्रत्येक सोय ऑर्गमध्ये स्वतः उभी करा.

पास झाल्यावर सीव्हीत नुसतं सर्टिफिकेटचं नाव लिहू नका, ट्रेलब्लेझर प्रोफाइलचा (ट्रेलहेडवरच्या तुमच्या पानाचा) दुवा द्या आणि प्रोफाइल सार्वजनिक केलंय ना ते तपासा. कंपन्या सेल्सफोर्सच्या पडताळणीच्या पानावर खरंखोटं बघतात. सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात, स्प्रिंग, समर आणि विंटर, म्हणून सर्टिफिकेट चालू ठेवायला वर्षातून एकदा ट्रेलहेडवरचं देखभालीचं मॉड्यूल करावं लागतं. त्याला फी नाही आणि एका बैठकीत होतं. मुदत चुकली तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि परीक्षा फीसकट पुन्हा द्यावी लागते.