संगणक मंदावला? आधी अडगळ काढा

घरचा संगणक रखडायला लागला की बहुतेक जण पहिल्यांदा 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर शोधतात. म्हणजे घरात पसारा झाला म्हणून आणखी एक कपाट आणायचं. सुरुवात काढण्यापासून करा.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडून 'अ‍ॅप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' इथे जा. यादी तारखेनुसार लावा. त्रास ज्या दिवसापासून सुरू झाला, त्याच्या आसपास काय आलं ते लगेच दिसतं. फ्लॅश प्लेअर, सिल्व्हरलाइट, विंडोजसाठीचा क्विकटाइम (व्हिडिओ आणि वेबपानं चालवणारी, आता बंद पडलेली जुनी सॉफ्टवेअर) दिसले तर विचार न करता काढा. अडोबने फ्लॅशचा आधार (सपोर्ट) 31 डिसेंबर 2020 ला थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद केलं. त्यामुळे 'फ्लॅश अपडेट करा' असा संदेश आज दिसला, तर तो हमखास फसवा असतो. सिल्व्हरलाइटचा आधार 12 ऑक्टोबर 2021 ला संपला.

टूलबार, ड्रायव्हर अपडेटर, रजिस्ट्री क्लीनर, 'पीसी ऑप्टिमायझर' हेही जाऊ द्या. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही. ती साफ केल्याने वेग वाढत नाही. चुकीची नोंद उडाली तर मात्र एखादा प्रोग्रॅम बंद पडतो. नामांकित क्लीनरही धोक्यापलीकडचे नाहीत: 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत घुसखोरांनी घातक कोड मिसळला होता, आणि तीच फाइल अधिकृत मार्गाने लोकांच्या संगणकांवर पोचली. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. ते एकमेकांच्या फाइली अडवत बसतात. बाहेरचा काढून संगणक रीस्टार्ट केला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप कामाला लागतो. तो चालू झाला की नाही, हे 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये बघून घ्या.

दोन गोष्टींना मात्र घाईने हात लावू नका. 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' नावाच्या आठ-दहा ओळी दिसतील. त्या अडगळ नव्हेत, इतर प्रोग्रॅम त्यांच्यावर चालतात. दुसरी म्हणजे जावा, काही प्रोग्रॅम आणि साइट चालायला लागणारं सॉफ्टवेअर. घरात कोणी ई-टेंडर भरत असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल, तर आधी विचारा. कोणालाच लागत नसेल तर काढा.

खरी गोम ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असते. जुने प्लगइन क्रोमने 2015 मध्येच बंद केले. आज त्यांची जागा एक्स्टेन्शननी घेतली आहे. बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली जाते. 'सर्व' या शब्दात तुमच्या बँकेचं पानही येतं. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला ती लागते हे समजू शकतं. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला, हवामान दाखवणाऱ्याला किंवा कूपन शोधणाऱ्याला ती कशाला हवी?

शिवाय आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्याही चांगलंच राहील, याची हमी नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने घातक म्हणून ते काढून टाकलं. अपडेट आपोआप येतात, त्यामुळे मालक बदलल्याचा वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

क्रोमच्या तीन ठिपक्यांमधून एक्स्टेन्शनची यादी उघडा. महिन्याभरात न वापरलेलं प्रत्येक काढा. नुसतं बंद करून ठेवू नका. जी उरतील त्यांच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'साइट अ‍ॅक्सेस' शक्य तिथे 'ऑन क्लिक' करा, म्हणजे तुम्ही बटण दाबाल तेव्हाच एक्स्टेन्शन पान वाचेल. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन पुरतं. क्रोममध्ये त्याची 'लाइट' आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण. 'ओरिजिन' हा शब्द तपासा, मिळत्याजुळत्या नावांची इतर एक्स्टेन्शनही आहेत.

कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस' अशा सूचना उगवत असतील, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं, तिच्या त्या जाहिराती असतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' इथे अनोळखी साइट काढली की त्या थांबतात.

आता नवीन काही घ्यायचं झालं तर आधी बघा, ते काम आहे त्या गोष्टींत होतं का. पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरेसा आहे. झिप फाइल विंडोज स्वतः उघडतं.

मराठी टायपिंगचंही तसंच. गुगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल अजून कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवलं जातं, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे तुमची प्रत्येक कळ वाचणारं सॉफ्टवेअर! अनोळखी साइटवरून घ्यायची ही वस्तू नव्हे. विंडोज 10 च्या मे 2019 अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटवणारा) आतच मिळतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन' या वाटेने मराठी भाषा जोडा, तिच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅड अ कीबोर्ड' दाबून 'मराठी फोनेटिक' निवडा. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

बाहेरून उतरवावंच लागलं तर निर्मात्याच्या साइटवरून. शोध घेतल्यावर सर्वात वर येते ती अनेकदा जाहिरात असते, तिच्यावर क्लिक करू नका. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स', म्हणजे निर्मात्याची सही बघा. तिथे भलत्याच कंपनीचं नाव असेल तर फाइल उडवा. सही नाही म्हणून मात्र फाइल वाईटच असं नव्हे, सेव्हन-झिपसारखे चांगले प्रोग्रॅमही सहीशिवाय येतात. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा आणि आधीच केलेल्या बरोबरच्या खुणा वाचून काढा. फुकटच्या टूलबारचा शिरकाव तिथूनच होतो.

एक कुलूप बऱ्याच घरांत उघडंच राहतं. 'विंडोज सिक्युरिटी'त 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', मग 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज' इथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू करा. त्याखालचं 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरपुरतं आहे, 'ब्लॉक अ‍ॅप्स' बाकी सगळीकडे लागू होतं.

इतकं करूनही एखादं एक्स्टेन्शन निघत नसेल आणि घरच्या क्रोममध्ये 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' असं दिसत असेल, तर कोणत्यातरी प्रोग्रॅमने ब्राउझरवर धोरण, म्हणजे तुम्हाला बदलता न येणारी सेटिंग्ज लादली आहेत. कधीकधी अँटीव्हायरसमुळेही तो संदेश येतो, म्हणून आधी ते तपासा. नाहीतर मालवेअरबाइट्स कंपनीचं फुकट अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर त्यांच्याच साइटवरून घेऊन स्कॅन करा. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. मग क्रोमच्या सेटिंग्जमधून 'रीसेट' करा. बुकमार्क आणि पासवर्ड शाबूत राहतात, एक्स्टेन्शन बंद होतात. त्यानंतर ती एकेक करून चालू करा आणि मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.