नागपुरात स्वतंत्र फोटोग्राफी असिस्टंट म्हणून काम सुरू करताना

छायाचित्रकाराचा असिस्टंट व्हायचे तर आधी चांगला कॅमेरा हवा, अशा समजुतीने अनेक मुलेमुली सुरुवातीलाच कर्ज काढतात आणि मग हप्ते फेडण्यासाठी मिळेल ते काम स्वीकारत राहतात. पहिल्या हंगामात कॅमेरा विकत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला बोलावणाऱ्या छायाचित्रकाराकडे कॅमेरे असतातच. त्याला उणीव भासते ती आणखी दोन विश्वासू हातांची. दिवे, बॅटऱ्या, मेमरी कार्डे आणि भोवतीची गर्दी यांची काळजी दुसरे कोणी वाहत असेल, तरच त्याचे लक्ष समोरच्या प्रसंगावर राहते, आणि ती काळजी वाहण्याचेच पैसे असिस्टंटला मिळतात.

नागपुरात सर्वाधिक काम अर्थातच लग्नांचे असते. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू होतो आणि चातुर्मास लागेपर्यंत साक्षगंध, हळद, लग्न आणि स्वागत समारंभ यांच्या तारखा मुहूर्तांप्रमाणे कमीअधिक दाटीने येत राहतात. डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे शहरात वर्दळ वाढते आणि तेव्हा कार्यक्रमांच्या छायाचित्रणालाही माणसे लागतात. याखेरीज इतवारीतील सराफा, गांधीबागेतील कापडबाजार आणि बुटीबोरी व हिंगणा येथील कारखाने यांना मालाची छायाचित्रे लागतात. या कामाकडे नवी मुले फारशी वळत नाहीत, याचे मला वाईट वाटते. कारण प्रकाश खऱ्या अर्थाने कळतो तो येथेच. एका नेकलेसवर दोन तास दिवा इंचाइंचाने सरकवताना, सोन्यावर पांढऱ्या कागदाचे प्रतिबिंब कोठे पडते आणि काळा पुठ्ठा कोठे धरला की कडा उठून दिसते, हे डोळ्यांत जे बसते ते धावपळीच्या लग्नात बसत नाही. पावसाळ्यात लग्ने थांबली की ही कामे अवश्य शोधावीत.

काम मागण्यासाठी स्टुडिओत प्रत्यक्ष जावे आणि तेही हंगाम नसताना, म्हणजे पावसाळ्यात किंवा पितृपक्षात, जेव्हा समोरच्या माणसाला बोलायला उसंत असते. व्हॉट्सअॅपवर ‘काही काम असेल तर सांगा’ असा संदेश पाठवण्याने काही साधत नाही. आपण कोठे राहतो, स्वतःची दुचाकी आहे का, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत आणि कोणते काम खात्रीने येते, एवढे चार ओळींत लिहावे. दुचाकीचा उल्लेख किरकोळ समजू नये. वर्धा रोड किंवा काटोल रोडवरच्या लॉनमधून मध्यरात्री घरी परतायचे असते, आणि असिस्टंटला घरी सोडण्याची चिंता कोणत्याही छायाचित्रकाराला नको असते.

आता प्रत्यक्ष कौशल्याविषयी. पहिली गोष्ट दिव्याच्या स्टँडची. स्टँडचे पाय पूर्ण पसरून, सॉफ्टबॉक्सचा (प्रकाश मऊ करण्यासाठी दिव्यावर चढवलेल्या कापडी पेटीचा) भार ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला एक पाय ठेवावा, वाळूची पिशवी पायावर टाकावी आणि वायर जमिनीलगत टेपने चिकटवून टाकावी, कारण लॉनमध्ये मुले धावतातच. दुसरी गोष्ट अंतराची. दिवा 1 मीटरवरून 2 मीटरवर नेला की माणसावर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉपने कमी होतो (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप). हे सूत्र पाठ करून भागत नाही. घरी एक फ्लॅश आणि एक भिंत घेऊन ते हाताला सवयीचे करावे लागते.

अंतरपाटाच्या वेळी या दोन्ही गोष्टींची परीक्षा होते. मंगलाष्टका सुरू असताना असिस्टंट मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी दांड्यावर, फ्लॅश उंच धरून नवरीच्या बाजूला, साधारण 45 अंशांच्या कोनात उभा असतो. शेवटचे ‘सावधान’ होताच अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, पाहुणे पुढे सरसावतात आणि छायाचित्रकार तीन पावले मागे सरकतो. तो कितीही मागेपुढे सरकला तरी फ्लॅश आणि नवरी यांच्यातील अंतर असिस्टंटने बदलू द्यायचे नसते, नाही तर प्रत्येक फ्रेमचे एक्स्पोजर, म्हणजे उजळपणा, वेगळे येते. त्याच वेळी व्हिडिओवाल्याच्या चौकटीत आपली सावलीही जाता कामा नये, म्हणून तो कोठे उभा राहणार हे आधीच त्याला विचारून घ्यावे.

कार्डांच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघताच ते पालथे करून कंबरेच्या पाउचमध्ये ठेवावे, सॅकमध्ये नव्हे. सॅक खुर्चीवर राहून जाते, कंबरेचे पाउच राहत नाही. कार्ड फॉरमॅट करण्याचे, म्हणजे पूर्ण पुसण्याचे, काम असिस्टंटने कधीही आपणहून करू नये. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती झाल्याचे छायाचित्रकाराने स्वतः पाहिल्यावर तो सांगेल तेव्हाच करावे. फ्लॅशचे रिचार्जेबल सेल चार-चारच्या संचात रबरबँड लावून ठेवावेत आणि एका संचातला सेल दुसऱ्यात मिसळू नये, कारण एक अर्धवट सेल संपूर्ण संचाला मागे खेचतो.

आपल्या हवामानाचा विचार बाहेरचे मार्गदर्शक करत नाहीत, म्हणून तो येथे करतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा बंद गाडीत लिथियम बॅटऱ्या ठेवणे धोक्याचे असते. लॉनमधल्या मोठ्या डेझर्ट कूलरसमोर माणसांना बरे वाटते, पण त्याच्या दमट झोतात कॅमेऱ्याची बॅग ठेवू नये, आणि कूलरच्या बोर्डावर आपले दिवेही लावू नयेत. डेकोरेशनच्या इलेक्ट्रिशियनला भाऊ म्हणून लवकर गाठावे आणि वेगळा पॉइंट मागून घ्यावा. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अचानक वावटळ उठते, तेव्हा सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. अशा वेळी स्टँडला हात सोडून मोबाइल पाहणारा असिस्टंट पुन्हा बोलावला जात नाही. पावसाळ्यात एसी हॉलमधून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅग काही वेळ बंदच ठेवावी आणि बाहेरची छायाचित्रे घ्यायची असल्यास आधीच आठवण करून द्यावी.

मोबदल्याचे बोलणे कामाआधी व्हावे आणि ते संदेशात लिहिलेले असावे: किती वाजता पोहोचायचे, किती तासांनंतर जादा पैसे, जेवण आणि पेट्रोल कोणाकडे, पैसे कधी मिळणार. ओळख होण्यासाठी एखादा दिवस विनामूल्य काम करण्यास हरकत नाही. त्यापुढे फुकट बोलावणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. कंपन्यांच्या कामात टीडीएस, म्हणजे मोबदल्यातूनच आधी वळता होणारा प्राप्तिकर, कापला जाऊ शकतो, तेव्हा पॅन द्यावा आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून कापलेल्या रकमेचा हिशेब लावावा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक 20 लाख रुपयांची आहे, त्यामुळे सुरुवातीला तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसऱ्याच्या कामावर असताना स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड वाटू नये; पाहुण्यांनी नंबर मागितल्यास छायाचित्रकाराचाच द्यावा. नवरीच्या तयारीच्या खोलीत घरच्या बाईमाणसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. असिस्टंट मुलगी असेल तर ही अडचण राहत नाही, आणि म्हणूनच या कामात मुलींना चांगली मागणी असायला हवी, असे मला मनापासून वाटते. आपण टिपलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याआधी परवानगी घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा, म्हणजे पैसे देणारा, असतो. त्यामुळे पोर्टफोलिओत कोणती छायाचित्रे वापरता येतील, हे मोबदल्यासोबतच लेखी ठरवून घ्यावे.

एखाद्या छायाचित्रकाराबरोबर हंगाम पार पडला की त्याच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. एक म्हणजे एखाद्या लग्नाची सारी छायाचित्रे, निवडलेली आणि टाकून दिलेलीही, त्याच्या शेजारी बसून पाहण्याची संधी. दुसरी म्हणजे हळदीसारख्या तुलनेने सैल कार्यक्रमात त्याचा जादा कॅमेरा तासभर हाताळण्याची मुभा. कॅमेरा विकत घ्यायचाच असेल, तर तो यानंतर घ्यावा.