बर्फात इस्टेटीवर कुत्रा फिरवताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या डार्बीशरचं चॅट्सवर्थ, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा जुना वाडा नि भोवतीची इस्टेट, हे आम्हा शेफील्डकरांचं ठरलेलं ठिकाण. जळगावकडचे पाहुणे आले की त्यांना तिथे नेऊन मी एक गोष्ट हमखास सांगते: तुमच्या शिवारातलं केळं ज्या कॅव्हेंडिश गटातलं, त्या गटाचं नाव याच घराण्यावरून पडलं. जोसेफ पॅक्स्टन या इथल्या मुख्य माळ्याने १८३०च्या दशकात काचघरात ती केळ वाढवली होती. बर्फ पडला की मात्र पाहुणे घरात रजईत आणि मी नि गुंड्या बाहेर. गुंड्या हा माझा कुत्रा कॉकापू आहे, कॉकर स्पॅनियल नि पूडलचा संकर, म्हणजे कुरळ्या लोकरीचं गाठोडं.

मोकळं रान समजून लीश सोडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पांढरंशुभ्र रान पाहून हात शिवशिवतात, पण ते रान कुणाच्या तरी जनावरांचं असतं. चॅट्सवर्थच्या पार्कात मेंढ्या आणि हरणं उघड्यावर चरतात, त्यामुळे कुत्रा लीशवर ठेवायचा हा तिथला नियम. पहिल्याच हिवाळ्यात मी लीशची कडी उघडायला वाकले, तेवढ्यात समोरचा बर्फाचा उंचवटा उठून उभा राहिला. पाठीवर बर्फ घेऊन बसलेली मेंढी होती ती! मला दिसली नव्हती, गुंड्याच्या नाकाला केव्हाच कळली होती.

या दिवसांत बऱ्याच मेंढ्या गाभण असतात. कुत्रा नुसता मागे धावला, दात लावला नाही, तरी घाबरून गाभ पडू शकतो. जनावरांना त्रास देणाऱ्या कुत्र्याच्या मालकावर १९५३च्या कायद्याने गुन्हा लागतो. ‘आमचा काही करत नाही हो’ हे तिथे चालत नाही. अपवाद एकच. गाई अंगावर आल्या तर लीश सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

चालता चालता पाय उचलून बसला तर

हट्ट नव्हे, आधी पंजा उलटा करून बघा. गुंड्या असाच अर्ध्या वाटेवर बसला, तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत सुपारीएवढे बर्फाचे गोळे झाले होते आणि पायांच्या लोकरीला मोत्यांसारख्या माळा लटकत होत्या. मी ते ओढून काढायला गेले, तर केसांसकट कातडी ओढली गेली आणि तो केकाटला. ओढू नका. मुठीत पंजा धरून गोळा वितळू द्या, मग बोटांनी अलगद सोडवा. घरी कोमट पाणी. कढत पाणी नको नि हेअर ड्रायरचा गरम झोतही नको.

निघण्याआधी पंजाच्या गाद्यांमधले केस बारीक कापले तर निम्मा त्रास वाचतो. गोळे नसतील आणि तरी लंगडत असेल, तर रस्त्यावर टाकलेलं मीठ पाहा. गाड्या घसरू नयेत म्हणून इथे रस्त्यांवर खाणीतलं मीठ पसरतात. ते भेगांत चुरचुरतं, आणि कुत्रा पाय चाटतो तेव्हा पोटातही जातं. म्हणून डिकीत पाण्याची बाटली आणि जुना टॉवेल ठेवा. कुत्र्याला गाडीत बसवण्याआधीच त्याचे पाय धुवा.

सपाट दिसतं ते सपाट नसतं

जुन्या इस्टेटींत ‘हा-हा’ नावाचा प्रकार असतो. नाव विनोदी, प्रकरण नाही. वाड्यातून हिरवळ अखंड दिसावी, पण जनावरं बागेत येऊ नयेत, म्हणून खणलेला चर. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. बर्फ साचला की कडा दिसत नाही. मळलेली वाट सोडू नका.

तळ्यांचंही तेच. चॅट्सवर्थच्या वरच्या जंगलात एम्परर लेक आहे. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ साली खाली मोठं कारंजं केलं, त्याला इथून पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी जातं. झार काही आला नाही! असं गोठलेलं तळं बर्फाखाली हुबेहूब माळासारखं दिसतं. त्या दिशेने चेंडू फेकू नका. कुत्रा आत पडलाच तर मागे जाऊ नका. काठावरून हाका मारा आणि ९९९ला फोन करून अग्निशमन दल मागवा.

काठी आणि डबकं

बर्फाच्या ओझ्याने मोडलेली फांदी दिसली की आपण ती उचलून फेकतो. अशा इस्टेटींत यू नावाची विषारी झाडं भरपूर असतात आणि त्यांचा पाला कुत्र्याला जीवघेणा ठरतो. घरून खेळणं न्या. गाडीतळावरच्या रंगीत डबक्यापासूनही त्याला लांब ठेवा. गाडीतून गळलेलं अँटीफ्रीझ गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. चाटल्याची नुसती शंका आली तरी ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणू नका, थेट पशुवैद्याकडे.

डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो, तेव्हा जेवून निघू म्हणणाऱ्यांनी घरीच बसावं.

आणि हो, शी उचला. बर्फाने झाकली म्हणून संपली असं नसतं. बर्फ वितळला की ती जशीच्या तशी वर येते, बहुधा मागून येणाऱ्याच्या बुटाखाली. फक्त पिशवी पांढरी नेऊ नका. मी एकदा नेली, क्षणभर खाली ठेवली आणि मग दहा मिनिटं शोधत बसले.