भिजलेल्या रानात शेकोटी कशी पेटवावी

काड्यापेटीला हात लावण्याआधी निदान अर्धा तास तयारीला द्या. आणि हे बोटं गारठून बधिर होण्याआधीच करा, कारण थरथरत्या हातांनी चाकूही धरता येत नाही आणि काडीही ओढता येत नाही.

लाकडात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या फारसं वर तापत नाही. पेट घ्यायला त्याला अडीचशे-तीनशे अंशांची धग लागते. म्हणजे ओलं सरपण लावलं की काडीची सगळी ऊब वाफ करण्यात संपते आणि हाती उरतो तो नुसता धूर.

मग कोरडं लाकूड आणायचं कुठून? ते लाकडाच्या पोटातच असतं. जमिनीवर पडलेलं सरपण सोडून द्या, ते खालून ओल शोषत राहतं. उभ्या उभ्या वाळलेलं झाड किंवा फांद्यांत अडकून राहिलेली सुकी फांदी शोधा. बोटाएवढी काटकी वाकवून बघा: कट्कन मोडली तर घ्या, नुसती वाकली तर टाका. शंका आली तर मोडलेलं टोक गालाला लावा. ओल असेल तर ते गार लागतं.

आता मनगटाएवढं जाड लाकूड घ्या. त्याच्या टोकावर कोयता ठेवून कोयत्याच्या पाठीवर दांडक्याने ठोका आणि लाकडाच्या चार फाकी करा. पावसाचं पाणी बहुधा बाहेरच्या थरातच मुरलेलं असतं. गाभा फिकट आणि कोरडा निघतो. गाभ्याच्या कडेवरून चाकू हलक्या हाताने ओढत पातळ, कुरळे ढलपे काढा, पण ते तोडू नका, टोकाशी तसेच लटकू द्या. काडी पिसासारखी दिसू लागेल. अशा चार-पाच काड्या करा. या कामात घाई केली तर पुढचं सगळं फसतं.

घरून निघतानाच कापसाचे बोळे व्हॅसलिनमध्ये मळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पेटवताना बोळा जरा पिंजला की तो काही मिनिटं जळत राहतो. भूर्जाची साल किंवा चिडाचं (पाइनचं) राळ भरलेलं लाकूड मिळालं तर उत्तमच, ती ओलीसुद्धा पेटतात.

जमीन ओली असते, म्हणून आधी मनगटाएवढ्या फांद्या शेजारी शेजारी मांडून बैठक करा. वाऱ्याकडे पाठ करून बसा. मधोमध बोळा, त्यावर पिसाच्या काड्या, मग काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक काटक्या. या काटक्या दोन मुठी तरी हव्यात, आणि पेन्सिलीएवढ्या कवेत मावतील इतक्या. ज्वाळा स्थिर झाल्याशिवाय जाड लाकूड ठेवू नका. फुंकर वरून घालू नका, खालून, लांब आणि हळू घाला. बाकीचं सरपण शेकोटीभोवती रचून ठेवा, म्हणजे ते आपोआप वाळत जाईल.

पेट्रोल कधीही ओतू नका. पाऊस कितीही असो, तंबूत आग नको. आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. नदीतले दगडही कडेला लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

निघताना पाणी ओता, राख काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. जराही धग जाणवली तर अजून पाणी ओता.