दोन मध्यम किमतीच्या फोनांतून एक निवडताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या सुमारास इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या माझ्या आत्याने वहीच्या एका पानावर दोन रकाने आखून ते माझ्यासमोर ठेवले. डावीकडे एक फोन, उजवीकडे दुसरा, आणि खाली बॅटरी, कॅमेरा, रॅम, स्क्रीन, चार्जिंग अशा बारा ओळी. ज्या ओळीत जो फोन सरस, तिथे तिने बरोबरची खूण केली होती. डावीकडे सात खुणा झाल्या आणि उजवीकडे पाच, म्हणून डावीकडचा घ्यायचा हे तिने जवळजवळ ठरवले होते. मी विचारले, “आत्या, हा फोन किती वर्षं वापरणार आहेस?” ती म्हणाली, “अरे बाळा, पाच वर्षं तरी मला पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाहीये.” त्या बारा ओळींत वर्षांची ओळ मात्र कुठेच नव्हती.

वीस ते तीस हजार रुपयांच्या दरम्यानचे दोन फोन कागदावर इतके सारखे दिसतात की खुणा मोजून निर्णय घेण्याचा मोह कोणालाही होतो. ही पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण अशा मोजणीत प्रत्येक ओळीचे वजन सारखेच धरले जाते. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारा कॅमेरा, जो घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात दोनदा आणि पुढे कधीच वापरला जात नाही, त्यालाही एक खूण मिळते आणि फोन सुरक्षित राहण्याच्या वर्षांनाही एकच. म्हणून तुलना करण्यापूर्वी त्या फोनकडून करून घ्यायची तीन-चार कामे लिहून काढावीत. आत्याची कामे होती यूपीआयने पैसे देणे, पुण्याच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे, भजनी मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो काढणे आणि रात्री वाचणे. ही यादी समोर ठेवल्यावर तिच्या बारा ओळींपैकी सात आपोआप गळून पडल्या.

किंमत वर्षांनी भागायला विसरणे

मध्यम किमतीच्या फोनाचे खरे मोल त्याला किती वर्षे अपडेट मिळणार यावर फार अवलंबून असते, आणि तुलना करणारे बहुतेक लोक नेमकी हीच गोष्ट शेवटी पाहतात किंवा पाहतच नाहीत. अपडेट दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते, तर दुसऱ्या प्रकारात केवळ सुरक्षेतील त्रुटी बुजवल्या जातात. जाहिरातीत या दोहोंची वर्षे शेजारी-शेजारी छापलेली असल्यामुळे मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार करायचे आहेत त्याच्यासाठी सुरक्षा अपडेटची वर्षे अधिक महत्त्वाची आहेत, आणि पुढे जुन्या अँड्रॉइडवर बँकांचे ॲप चालेनासे होतात म्हणून नव्या आवृत्त्यांचा आकडाही विचारात घ्यावा लागतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मार्च २०२४ मध्ये नथिंग फोन २ए आणि सॅमसंग गॅलेक्सी ए३५ हे दोन फोन भारतात आले. आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज असलेल्या मॉडेलची सुरुवातीची किंमत पहिल्याची २३,९९९ रुपये आणि दुसऱ्याची ३०,९९९ रुपये होती. सात हजारांचा फरक पाहून पहिला फोन उघडच स्वस्त वाटतो. परंतु पहिल्याला अँड्रॉइडच्या तीन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा अपडेट, तर दुसऱ्याला चार आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा अपडेट असे कंपन्यांनी जाहीर केले होते. किमतीला सुरक्षेच्या वर्षांनी भागले, तर पहिला वर्षाला सुमारे ६,००० रुपयांना आणि दुसरा सुमारे ६,२०० रुपयांना पडतो. सात हजारांचा फरक वर्षाला दोनशे रुपयांवर येतो. मग जलद चार्जिंग हवे की मेमरी कार्डाची सोय, हलके आणि साधे सॉफ्टवेअर हवे की पाण्यापासून अधिक संरक्षण, हे शांतपणे ठरवता येते.

या हिशेबात आणखी एक खाच आहे. अपडेटची वर्षे सर्वसाधारणपणे फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजली जातात. आपण तो केव्हा घेतला याच्याशी त्यांचा संबंध नसतो. समजा, वरचे दोन्ही फोन बाजारात येऊन दीड वर्ष झाल्यावर सवलतीत प्रत्येकी २०,००० रुपयांना मिळत आहेत. आता पहिल्याची अडीच वर्षे उरली आहेत आणि दुसऱ्याची साडेतीन. म्हणजे पहिला वर्षाला ८,००० रुपयांना पडतो आणि दुसरा सुमारे ५,७०० रुपयांना. नवरात्र-दिवाळीच्या सवलतींत जुने मॉडेल घेताना हा भागाकार करायचा राहून गेला, तर स्वस्तात मिळालेला फोन महाग पडतो.

नाव पाहून फसणे

प्रोसेसरच्या नावातील मोठा आकडा म्हणजे वेगवान प्रोसेसर, अशी समजूत अनेकांच्या मनात पक्की बसलेली असते. पण प्रोसेसर बनवणाऱ्या मीडियाटेकचा डायमेन्सिटी ७०५० हा वस्तुतः आधीच्या डायमेन्सिटी १०८० चेच नवे नाव आहे, आणि डायमेन्सिटी ६०८० म्हणजे पूर्वीचा डायमेन्सिटी ८१०. क्वालकॉम या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ आणि स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ ही नावे भावंडांसारखी वाटतात, पण पहिल्यात महागड्या फोनांत असतो तसा एक शक्तिशाली मुख्य कोअर (प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) आहे आणि दुसऱ्यात तो नाही. दोघांच्या वेगात मोठे अंतर आहे. कधी प्रोसेसरची मर्यादा भलतीकडेच आड येते. उदाहरणार्थ, स्नॅपड्रॅगन ६९५ असलेल्या फोनला कितीही मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तरी तो फोर-के, म्हणजे फुल एचडीहून अधिक स्पष्ट व्हिडिओ घेऊ शकत नाही, कारण प्रोसेसरच फुल एचडीपर्यंत थांबतो.

फोनांच्या नावांतही असाच घोळ असतो. २०२० मध्ये भारतात विकला गेलेला रेडमी नोट ९ प्रो आणि परदेशात त्याच नावाने विकला गेलेला फोन हे दोन वेगळे फोन होते. भारतातल्या फोनचा मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आणि चार्जिंग १८ वॅटचे होते, तर परदेशातल्याचा कॅमेरा ६४ मेगापिक्सेलचा आणि चार्जिंग ३० वॅटचे. परदेशी समीक्षकाचा व्हिडिओ पाहून इंदूरच्या दुकानात तोच फोन मिळेल असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे. तुलनेचे आकडे नेहमी कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरून घ्यावेत.

रॅमच्या आकड्याकडे पाहून स्टोरेजचा प्रकार न पाहणे

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचा त्रास माझ्या वडिलांनी सोसला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली अधिकची रॅम पाहून मी त्यांच्यासाठी एक फोन घेतला. त्यातली अर्धी रॅम आभासी होती, म्हणजे स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरण्याची सोय होती, आणि ते स्टोरेज ईएमएमसी या संथ प्रकारचे होते. वर्षभरातच रामबागेच्या कोपऱ्यावर भाजीवाल्यासमोर उभे राहून वडील स्कॅनर उघडण्याची वाट पाहत, मागे माणसे खोळंबत, आणि शेवटी ते खिशातून नोट काढत. मला ते दृश्य पाहवत नसे.

ईएमएमसी ५.१ चा सैद्धांतिक वेगही सेकंदाला ४०० एमबीपर्यंतच असतो आणि त्यात एका वेळी एकतर माहिती वाचता येते किंवा लिहिता येते. यूएफएस या वेगवान प्रकारात दोन्ही कामे एकाच वेळी होतात; यूएफएस २.२ चा वेग ईएमएमसीच्या कितीतरी पुढे आहे आणि यूएफएस ३.१ चा त्याहूनही. संथ स्टोरेजला आभासी रॅमचे ओझे दिले की फोन सुधारण्याऐवजी अडखळतो. म्हणून आठ जीबी खरी रॅम आणि यूएफएस स्टोरेज असलेला फोन, आभासी धरून सोळा जीबी सांगणाऱ्या पण ईएमएमसी असलेल्या फोनपेक्षा निःसंशय चांगला. तसेच १२८ जीबीतील बरीच जागा यंत्रणाच व्यापते, आणि मेमरी कार्डावर फोटो ठेवता आले तरी बहुतेक ॲप मूळ स्टोरेजमध्येच राहतात. दोन-तीन हजार रुपयांच्या फरकात २५६ जीबी मिळत असेल, तर पाच वर्षांच्या वापरासाठी माझे मत त्याच्याच बाजूने पडेल.

कॅमेरा, स्क्रीन आणि पाणी

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यातच सांगतो. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नऊ-नऊ एकत्र करून बारा मेगापिक्सेलचा. त्यापेक्षा सेन्सरचा आकार आणि ओआयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, आहे की नाही ते पाहावे. परीक्षा घ्यायची तर ज्यांच्याकडे ते फोन आहेत अशा दोन परिचितांना रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरणाऱ्या सराफ्यात बरोबर घेऊन जावे आणि कढईतून जिलबी काढणाऱ्या हाताचा फोटो दोन्हींवर काढावा. कमी उजेडात हलणारा हात ज्यात नीट दिसेल, तो कॅमेरा घरच्या सत्यनारायणालाही उपयोगी पडेल.

स्क्रीनच्या उजेडाचा सर्वोच्च आकडा बहुधा तिच्या लहानशा भागापुरता असतो. दुकानातील दिव्याखाली दोन्ही स्क्रीन सुंदरच दिसतात. दुकानदाराला विनंती करून डेमो पीस दुपारी बाहेर जेल रोडवर उन्हात धरावेत आणि क्यूआर कोड वाचता येतो का ते पाहावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा अनेक फोन तापून स्वतःच उजेड कमी करतात, हेही ध्यानात असू द्यावे.

रंगपंचमीच्या गेर या मिरवणुकीत राजवाड्यासमोर टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी आपला फोन आयपी६७ आहे म्हणून तो उघडाच घेऊन जातो. आयपी हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आहे: आयपी५४ म्हणजे तुषारांपासून संरक्षण, आणि आयपी६७ म्हणजे स्वच्छ गोड्या पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत तीस मिनिटे. रंग आणि गुलाल मिसळलेल्या पाण्याचा त्यात विचार नाही, आणि पाण्याने झालेले नुकसान सामान्यतः वॉरंटीत धरले जात नाही.

किंमत अपुरी मोजणे

दोन फोनांच्या किमती पाहताना एकाची कार्डावरची सवलत वजा केलेली आणि दुसऱ्याची मूळ, अशी विषम तुलना फार वेळा होते. जे कार्ड आपल्याकडे नाही त्याची सवलत आपल्यासाठी नाही, असे समजूनच आकडा लिहावा. चार्जर खोक्यात आहे का, हेही पाहावे. वर उल्लेखलेल्या दोन्ही फोनांसोबत तो मिळत नव्हता. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास यांचा खर्चही त्यात मिळवावा. बिनव्याजी हप्त्यांत व्याजाइतकी सूट किमतीत दिली जाते, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते आणि अनेकदा प्रक्रिया शुल्कही लावते. त्यामुळे रोख किंमत आणि सर्व हप्त्यांची बेरीज शेजारी लिहिल्यावाचून सही करू नये.

नेटवर्कचे बँड, म्हणजे फोन ज्या वारंवारतांवर चालतो ते पट्टे, हेही मोजणीत घ्यावेत. जिओची ५जी सेवा स्वतंत्र ५जी जाळ्यावर चालते आणि तिच्यात एन२८ व एन७८ हे बँड महत्त्वाचे आहेत. पैकी एन२८ ची कमी वारंवारता जाड भिंतींच्या घरात अधिक पोहोचते. जुन्या वाड्यात किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा बँड फोनमध्ये असल्याची खात्री करावी.

चूक होऊन गेली असेल तर

फोन संथ झाला असेल तर प्रथम स्टोरेज पाहावे आणि किमान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करावी. वडिलांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओच सर्वाधिक जागा अडवून बसले होते. ते काढून टाकले, आपोआप डाउनलोड होणे थांबवले आणि आभासी रॅम बंद केली, तेव्हा स्कॅनर पूर्वीपेक्षा बराच लवकर उघडू लागला. फोन तापत असेल तर चार्जिंग करताना कव्हर काढावे आणि स्क्रीनचे चित्र ताजे होण्याचा वेग (रिफ्रेश रेट) १२० वरून ६० हर्ट्झवर आणून पाहावा. घरात ५जी सतत येत-जात असेल तर बॅटरी झपाट्याने उतरते. अशा वेळी नेटवर्क ४जीवर ठेवून वाय-फाय कॉलिंग सुरू करावे.

खरेदी करताना काउंटरवरच सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला लावावे, *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा; कंपनी आणि मॉडेल बरोबर आले तर पक्के जीएसटी बिल घेऊन निघावे. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही सिम, सर्व कॅमेरे, स्पीकर, माइक, बोटाचा ठसा आणि घराच्या आतल्या खोलीतील नेटवर्क तपासून घ्यावे, कारण दोष असल्यास फोन बदलून देण्याची मुदत मोजक्याच दिवसांची असते, आणि तोपर्यंत खोके व त्यातला प्रत्येक कागद जपून ठेवावा.